आधी फेडलेला नवस

खेळातील पराभवाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. पण पराभवाला आगाऊ संमती देणाऱ्या प्रेक्षकाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. संघ हरला की चाहता दुःखी होतो, हे कोणालाही समजते. परंतु ‘आमचा संघ पुढची तीन-चार वर्षे हरणार आहे, ते आम्हाला मान्य आहे, किंबहुना त्याने हरावे हीच आमची इच्छा आहे’ असे म्हणणारा चाहता, आणि त्या हरण्याच्या मोबदल्यात जे मिळायचे होते ते न मिळाल्यावर त्याच्या मनात साचणारा संताप, ही निराळी गोष्ट आहे. या संतापाचा संबंध कथानक, शेवट आणि अर्थ यांच्याशी आहे असे मला वाटत आले आहे. म्हणून अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या बास्केटबॉल संघाची हकीकत येथे जरा सविस्तर सांगतो. खेळाची आवड नसलेल्या वाचकानेही थोडा धीर धरावा. धीर हाच या लेखाचा विषय आहे.

आधी नियम. एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत तीस संघ आहेत आणि तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलण्याची पद्धत तेथे नाही. उलट, दरवर्षी नव्या तरुण खेळाडूंची जी निवड होते (तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात), तीत आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघांना वरचा क्रमांक मिळण्याची अधिक संधी असते. हे क्रमांक सोडतीने ठरतात. २०१८ पर्यंत सर्वांत तळाच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २५ टक्के होती. दुबळ्याला हात द्यावा, हा त्यामागचा हेतू. पण नियमाचा हेतू एक असतो आणि त्याचा उपयोग दुसराच होतो, हे परीक्षा विभागात काम केलेल्या प्राध्यापकाला सांगायला नको. मधल्या क्रमांकावर रेंगाळणारा संघ विजेताही होत नाही आणि सोडतीतही वर येत नाही. मग सरळ तळच का गाठू नये?

मे २०१३ मध्ये फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स या संघाचा कारभार सॅम हिंकी यांच्याकडे आला आणि त्यांनी हा विचार कोणतीही लाजलज्जा न बाळगता शेवटपर्यंत नेला. पहिल्याच ड्राफ्टच्या रात्री त्यांनी ज्रू हॉलिडे हा नुकताच मान्यता पावलेला तरुण खेळाडू देऊन टाकला आणि गुडघ्याची गंभीर दुखापत झालेला नर्लन्स नोएल व पुढच्या वर्षीची एक निवड घेतली. त्या हंगामात संघाने १९ सामने जिंकले आणि ६३ हरले. त्यांत सलग २६ पराभव होते. पुढच्या वर्षी १८ विजय, ६४ पराभव. त्याच्या पुढच्या, म्हणजे २०१५-१६ च्या हंगामात १० विजय आणि ७२ पराभव. याच शहराच्या याच संघाने १९७२-७३ मध्ये ९ विजय व ७३ पराभव अशी कामगिरी केली होती. म्हणजे जे पूर्वी निव्वळ नालायकीने घडले होते, ते आता योजनापूर्वक घडवून आणले जात होते.

या संघाशी माझे नाते २००१ सालचे. मी तेव्हा एम.ए.च्या वर्गात होतो आणि महाविद्यालयाच्या सिमेंटच्या मैदानावर खेळून गुडघे सोलून घेण्याचे दिवस नुकतेच संपले होते. वसतिगृहाच्या टीव्हीवर एका सकाळी ॲलन आयव्हर्सन हा जेमतेम सहा फुटी खेळाडू अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात बलाढ्य लेकर्सविरुद्ध ४८ गुण करताना पाहिला. फिलाडेल्फिया तो सामना जिंकली आणि पुढचे चारही हरली. पण तेवढ्याने माझे काम झाले. संघ निवडावा लागत नाही. तो असा एखाद्या सकाळी येऊन बसतो. माझ्याबरोबर खेळणारा एक मित्र पुढे नोकरीनिमित्त न्यू जर्सीत, फिलाडेल्फियापासून नदीपलीकडच्या भागात स्थायिक झाला, आणि आमच्या दूरध्वनीवरच्या गप्पांत घरच्यांच्या खुशालीनंतर दुसरा विषय हाच राहिला.

पराभवाच्या त्या तीन वर्षांत मित्राची भाषा बदलत गेली, ते मी ऐकत होतो. पूर्वी तो म्हणायचा, ‘अरे, काल काय खेळले!’ आता तो म्हणू लागला, ‘काल हरलो ते बरे झाले.’ शहरात एक घोषवाक्य रूढ झाले होते: प्रक्रियेवर विश्वास ठेवा. ते टी-शर्टांवर आले, फलकांवर आले, प्रेक्षागृहात घुमू लागले. पुढे जोएल एम्बीड या खेळाडूने ‘प्रोसेस’ हे आपले टोपणनावच करून टाकले. प्रेक्षक आता प्रेक्षक उरले नव्हते. ते योजनेचे भागीदार झाले होते. कोणाच्या करारात किती वर्षे उरली आहेत, कोणत्या संघाची कोणत्या वर्षाची निवड आपल्याकडे येणार आहे, हे त्यांना तोंडपाठ होते. सामना पाहण्याऐवजी ते ताळेबंद वाचत होते.

आपल्याकडे नवस बोलतात तेव्हा त्याची एक रीत असते. इच्छा पूर्ण झाली तर अमुक करीन, असे आधी बोलायचे आणि इच्छा पूर्ण झाल्यावर नवस फेडायचा. देवाने ऐकले नाही तर भक्तावर काही बंधन नाही. फिलाडेल्फियाच्या चाहत्यांनी ही रीत उलटी केली. त्यांनी नवस आधी फेडला. तीन हंगामांत मिळून १९९ पराभव त्यांनी देवापुढे ठेवले आणि मग ते वाट पाहत बसले. त्यांच्या पुढच्या संतापाचे मूळ मला येथे दिसते.

हिंकी यांच्या विचारात एक आकर्षक तत्त्व होते. निर्णय योग्य की अयोग्य हे त्याच्या परिणामावरून ठरवू नये. तो घेताना जी माहिती हाती होती तिच्यावरून ठरवावे. ऐकायला हे निष्काम कर्मयोगासारखे वाटते, आणि म्हणूनच अनेक सुबुद्ध माणसांना ते भावले. पण दोहोंत मोठे अंतर आहे. कर्मयोगात फळावरचा हक्क सोडायचा असतो. येथे फळाची मुदतठेव केलेली होती. आज फळ मागू नका, कारण उद्या ते व्याजासह मिळेल. शिवाय या तत्त्वाला आधार संभाव्यतेच्या गणिताचा, आणि ते गणित खरे ठरायला पुष्कळ वेळा खेळावे लागते. नाणे हजार वेळा उडवले तर छापा-काटा जवळपास सारखे पडतात. संघाला मात्र दोन-चार वेळाच नाणे उडवता येते, आणि चाहत्याला तर एकच आयुष्य असते.

नाणी कशी पडली ते पाहू. एम्बीड २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकाने आला आणि पायाच्या दुखापतीमुळे पहिले दोन हंगाम एकही सामना खेळू शकला नाही. बेन सिमन्स २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकाने आला आणि त्याचाही पहिला हंगाम पायाच्या दुखापतीत गेला. २०१७ मध्ये बोस्टनला आपला तिसरा क्रमांक व आणखी एक निवड देऊन फिलाडेल्फियाने पहिला क्रमांक घेतला आणि मार्केल फुल्ट्झला निवडले. त्याच्या खांद्याचे काहीतरी बिघडले, त्याची फेक हरवली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवण्यात आले. बोस्टनने त्या तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटमला घेतले होते. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

एका निवडीचा प्रवास तर एखाद्या दीर्घकथेचा विषय व्हावा. मायकल कार्टर-विल्यम्स हा २०१३ चा नवखा खेळाडू त्या वर्षीचा सर्वोत्तम पदार्पण करणारा ठरला. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याला देऊन लेकर्सची भविष्यातील एक निवड घेतली गेली. ती हाती आली २०१८ मध्ये, आणि तिच्यातून मिकाल ब्रिजेस हा त्याच परिसरात वाढलेला मुलगा निवडला गेला. त्याची आई या संघाच्याच कंपनीत नोकरीला होती. तिचा आनंद दूरचित्रवाणीवर दिसून पुरता तासही झाला नसेल, तोच ब्रिजेसला फिनिक्सला देऊन झायर स्मिथ आणि २०२१ सालची आणखी एक निवड घेण्यात आली. स्मिथ आधी पायाच्या दुखापतीने आणि मग ॲलर्जीच्या गंभीर आजाराने अडला. तो मोजकेच सामने खेळला. २०२१ ची ती निवड २०१९ मध्ये टोबायस हॅरिसच्या बदल्यात क्लिपर्सकडे गेली आणि त्याच वर्षी क्लिपर्सकडून पॉल जॉर्जच्या बदल्यात ओक्लाहोमा सिटीकडे. हा सगळा व्यवहार उद्याच्या बदल्यात परवा घेण्याचा होता. वर्तमानाची पाळी त्यात फारशी येतच नव्हती.

संघ पुढे चांगला झाला, हे खरे. २०१७-१८ मध्ये ५२ सामने जिंकले, आणि २०१८ ते २०२४ अशी सलग सात वर्षे संघ बाद फेरीत पोचला. पण या सातांपैकी पाच वेळा तो दुसऱ्या फेरीत हरला आणि दोनदा पहिल्याच फेरीत. २००१ ते २०२५ या काळात विभागाच्या अंतिम फेरीत तो परत एकदाही गेला नाही. तेथपर्यंत जायला ज्या संघाला १९९ पराभवांची किंमत मोजावी लागली नव्हती, त्या आयव्हर्सनच्या संघाने २००१ मध्ये अंतिम मालिका गाठली होती.

१३ मे २०१९ ची सकाळ. टोरांटोविरुद्ध सातवा, निर्णायक सामना. गुण ९०–९०, चार-साडेचार सेकंद शिल्लक. कवाय लेनर्डने कोपऱ्यातून, एम्बीडच्या पसरलेल्या हातावरून चेंडू फेकला. चेंडू कड्यावर आपटला, पुन्हा आपटला, एकूण चार वेळा उडाला आणि आत पडला. सामना संपला. एम्बीड रडत बाहेर गेला. टोरांटो पुढे विजेता झाला. हा पराभव दारुण होता, पण त्याने कोणाला संताप आला नाही. मित्र म्हणाला, ‘हे नशीब. याला काय करणार!’ शोकात्मिकेत माणूस रडतो, पण तिकिटाचे पैसे परत मागत नाही.

संताप आला तो २०२१ च्या जूनमध्ये. अटलांटाविरुद्धचा सातवा सामना, घरच्या मैदानावर. अखेरच्या काही मिनिटांत सिमन्स कड्याच्या अगदी खाली पोचला, समोर जवळपास मोकळी जागा होती, आणि त्याने चेंडू टाकण्याऐवजी सहकाऱ्याला दिला. त्या बाद फेरीत त्याने ७३ मुक्त फेकींपैकी २५ यशस्वी केल्या होत्या. आपल्याला धक्का देतील आणि पुन्हा फेकीच्या रेषेवर उभे राहावे लागेल, ही भीती त्याच्या हालचालीत दिसली. ज्या खेळाडूसाठी एक संपूर्ण शहर ७२ वेळा हरले, त्याला चेंडू कड्यात टाकायचे भय वाटत होते. त्यानंतर तो फिलाडेल्फियासाठी पुन्हा खेळला नाही. आणि मे २०२३ मध्ये, एम्बीड स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेल्या वर्षी, बोस्टनविरुद्ध ३–२ अशी आघाडी असताना संघ पुढचे दोन्ही सामने हरला. सातव्या सामन्यात एकट्या टेटमने ५१ गुण केले.

फ्रँक कर्मोड या समीक्षकाने १९६७ च्या ‘द सेन्स ऑफ ॲन एंडिंग’ या ग्रंथात घड्याळाच्या ‘टिक्’ आणि ‘टॉक्’ यांचे उदाहरण घेतले आहे. दोन्ही आवाज खरे तर सारखेच. पण दुसऱ्याला आपण शेवट मानतो आणि त्यामुळे मधल्या काळाला आकार येतो. फिलाडेल्फियाच्या चाहत्याने २०१३ साली ‘टिक्’ ऐकले होते. मधले पराभव त्याने प्रकरणे म्हणून वाचले, कारण शेवटचे प्रकरण ठरलेले होते. ते आलेच नाही तेव्हा केवळ भविष्य हातचे गेले नाही, भूतकाळही बदलला. आतापर्यंत जे पेरणे होते, ते आता नुसते जमिनीत टाकलेले दाणे झाले. विजयाने ज्यांना अर्थ यायचा होता ते १९९ सामने पुन्हा केवळ पराभव होऊन उरले. चाहत्याचा संताप ताज्या सामन्यापुरता नसतो, हे यावरून समजते. तो मागे जाऊन प्रत्येक रात्रीचा हिशोब नव्याने करत असतो.

यातून सुटण्याचा एक मार्ग चाहत्यांनी शोधला आणि तो आपल्याला चांगलाच परिचित आहे. मूळ संहिता शुद्ध होती, प्रक्षेप नंतरचे आहेत! हिंकी यांनी एप्रिल २०१६ मध्ये राजीनामा दिला. फुल्ट्झचा सौदा त्यांचा नव्हे, ब्रिजेसचा नव्हे, हॅरिसचा नव्हे. म्हणजे नंतरच्या हातांनी घातलेल्या ओव्या काढून टाकल्या की प्रक्रिया निर्दोष ठरते. हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यासमोर एक पूर्ण ग्रंथ होता. येथे ग्रंथ पूर्ण झालेलाच नाही. शुद्ध प्रत फक्त श्रद्धावंताच्या मनात आहे.

हिंकी यांचे राजीनामापत्र तेरा पानांचे होते. त्यात वॉरन बफे होते, न्यूझीलंडचा नामशेष झालेला मोआ पक्षीही होता. पण मला त्यातले सर्वांत बोलके वाटते ते त्याचे संबोधन. ते पत्र संघाच्या भांडवलदार भागीदारांना उद्देशून आहे. ज्यांनी ७२ पराभव खुर्चीत बसून पाहिले, ते त्या पत्राचे वाचक नव्हेत. मालकांनी हा संघ २०११ मध्ये सुमारे २८ कोटी डॉलरना घेतला होता आणि पुढे त्याची किंमत कित्येक पटींनी वाढली. संघ हरत असतानाही ती वाढतच होती. धीर धरा असे सांगणाऱ्याचे धीरापायी काही जात नव्हते. जे जात होते ते दुसऱ्यांचे: चाहत्यांची वर्षे आणि काही खेळाडूंची उमेदीची दोन-तीन वर्षे.

या खेळाडूंबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. एनबीएत दहा दिवसांचा करार असतो. दहा दिवस खेळा, जमले तर आणखी दहा दिवस. त्यानंतर संघाने उरलेल्या हंगामासाठी घ्यावे, नाहीतर निरोप द्यावा. पराभवाच्या त्या वर्षांत फिलाडेल्फियाच्या संघात अशी कितीतरी माणसे आली आणि गेली. ज्याला भविष्य घडवायचे आहे त्याला वर्तमानात कोणीतरी अंगावर पोशाख चढवून मैदानावर उभे करावेच लागते.

मी गेली सोळा वर्षे मराठी शिकवतो, आणि सोळाही वर्षे तासिका तत्त्वावर. या लेखाच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. दर जूनमध्ये नवी मुलाखत, नवे नेमणूकपत्र. दर उन्हाळ्यात रिकामे दोन महिने. बिंदुनामावली तपासून आली की जाहिरात निघेल, पदे मंजूर झाली की पहिला विचार तुमचाच, एवढे वर्ष काढा, सर. सांगणारे दुष्ट नव्हते. बहुधा त्यांचाही त्यावर विश्वास होता. पण ‘एवढे वर्ष’ सोळा वेळा काढल्यावर माणसाला फिलाडेल्फियाच्या त्या माणसांकडे निव्वळ करमणुकीचा विषय म्हणून पाहता येत नाही. दहा दिवसांच्या करारावर हरणाऱ्या संघात खेळणारा तो तरुण मला चांगला ओळखू येतो. त्याला माहीत असते की संस्थेला आपण हवे आहोत ते जागा भरण्यापुरते, आणि तरीही सामना सुरू झाला की त्याला धावावेच लागते, कारण त्याच्याजवळ दुसरे काही नसते.

कोणी म्हणेल, ही पद्धतच वाईट असे कसे म्हणता? ओक्लाहोमा सिटीने तेच केले. २०२०-२१ मध्ये २२ आणि पुढच्या वर्षी २४ सामने जिंकणारा तो संघ २०२५ मध्ये विजेता झाला. आक्षेप रास्त आहे, आणि त्यातली थट्टा तर जीवघेणी. ज्या पॉल जॉर्जला देऊन ओक्लाहोमाने आपली उभारणी सुरू केली, त्याला २०२४ मध्ये मोठ्या रकमेला कोणी घेतले, तर फिलाडेल्फियाने. त्या हंगामात संघाने २४ सामने जिंकले, ५८ हरले, आणि अखेरीस तर पुन्हा हरण्यातच त्याचा फायदा होता. पहिल्या सहांत क्रमांक लागला नसता, तर त्या वर्षीची निवड जुन्या कराराप्रमाणे ओक्लाहोमालाच गेली असती. बारा वर्षांनी लोक पुन्हा सोडतीच्या यंत्राकडे डोळे लावून बसले. तिसरा क्रमांक मिळाला. मित्राला मी विचारले, आनंद झाला का? तो म्हणाला, ‘आनंद नाही रे. सवय आहे.’

त्याची मुलगी हिंकी आले त्या वर्षी जन्मलेली. तिला त्याने लहानपणापासून सांगितले होते की थांब, आपण जिंकणार आहोत. आता ती स्वतः शाळेच्या संघात खेळते. मागे एकदा तिने मला सरळ विचारले, ‘काका, तेव्हा ते मुद्दाम हरायचे का?’ मी म्हटले, मालक मुद्दाम हरत होते; खेळाडू नव्हे.

हे उत्तर मी तिची समजूत घालण्यासाठी दिले नव्हते. १ डिसेंबर २०१५ रोजी, दोन हंगामांत मिळून सलग २८ पराभवांनंतर, त्या संघाने एक सामना जिंकला. समोर लेकर्स होते आणि फिलाडेल्फियात जन्मलेल्या कोबी ब्रायंटचा आपल्या गावातला तो शेवटचा सामना होता. गुण १०३–९१. त्या संघात टी. जे. मॅकॉनेल होता, ज्याला कोणीही ड्राफ्टमध्ये निवडले नव्हते. रॉबर्ट कोव्हिंग्टन होता, तोही न निवडलेला. पुढे २०१८ मध्ये तो स्पर्धेतील सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या पाचांत आला. योजनेच्या कागदावर ही नावे नव्हती. मॅकॉनेल २०२५ च्या अंतिम मालिकेत, सातव्या सामन्यात, इंडियानाकडून खेळत होता. समोर ओक्लाहोमा होते, आणि गुणसंख्या पुन्हा १०३–९१. या वेळी हरणारा संघ त्याचा होता.

चाहत्यांनी धीर सोडला, ते उतावळे झाले, असे व्यवस्थापनाची भाषा बोलणारे लोक म्हणतात. मला तसे वाटत नाही. बारा वर्षे थांबलेल्या माणसाला उतावळा म्हणता येणार नाही. तो फक्त एवढेच विचारतो आहे की, ज्या रात्री आम्ही तेथे बसलो होतो त्या तुमच्या हिशोबात कोठे लिहिल्या आहेत? हा प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. आणि त्याचे उत्तर कोणी देत नसेल, तर त्या रात्री निदान त्याने स्वतः मोजाव्यात, एकेक करून, त्या दहा विजयांसह.